नऊ मीटर

२ सप्टेंबर

पितळी पाटीवर पंचवीसच शब्द मावतात, असा निकाल आज पाट्या कोरणाऱ्या कारागिराने दिला. त्यावर अपील नाही. मी विचारलं, "सामासिक शब्द एक धरायचा की पाच?" तो म्हणाला, "साहेब, मी शब्द मोजत नाही. पाटीचा कोपरा कुठे येतो ते बघतो." 'शिष्यपरंपराप्रवर्तकक्रीडाचार्य' हे माझ्या सोळा वर्षांच्या संस्कृत अध्ययनाचं एकमेव दृश्य फळ. ते त्याने वितीने मोजलं आणि म्हणाला, "हा अर्धा भिंतीवर जाईल." वर्तमानपत्रात गेली तीस वर्षं माझ्या बातम्या कापल्या जाताहेत, पण तिथे निदान कात्री असते. इथे छिन्नीशी गाठ आहे.

प्रसंग असा की आमच्या शाळेत कीर्तिदालन होतंय. दालन म्हणजे जिन्याखालून व्यायामशाळेकडे जाणारा बोळ, डाव्या हाताला पिण्याच्या पाण्याचे नळ. तिथे बारा पाट्या लागणार : आठ कीर्तिमंत माजी विद्यार्थी, चार प्रशिक्षक. मी इथला सर्वांत जुना वार्ताहर आणि याच शाळेचं पीक, तेव्हा मजकूर माझ्या गळ्यात. उद्घाटन वीस ऑक्टोबरला.

बारांतल्या दोन पाट्या माझ्या जवळच्या. एक शिट्टीसरांची. सरांच्या गळ्यात शिट्टी नसलेली कुणी पाहिलेली नाही; झोपेत काढत असतील तर माहीत नाही. दुसरी वावटळीची. ही माझ्या वर्गातली मुलगी, आता परदेशात हाडांची डॉक्टर. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्याच मैदानावर तिने आठशे मीटर दोन मिनिटं एकोणीस सेकंदांत काढले. मुलींमधला तो विक्रम शाळेत अजून कुणी मोडलेला नाही. उद्घाटनाच्या दिवशी, तिच्या देखत, तो मोडायचा प्रयत्न शाळेची आजची सर्वांत वेगवान मुलगी करणार, अशी मुख्याध्यापिकाबाईंची कल्पना.

ती मुलगी माझी. सतरा वर्षांची. बाप म्हणून मी तटस्थ राहीन, असं मी समितीत सांगितलं. कुणी हसलं नाही, हे मला लागलं.

६ सप्टेंबर

आज शिट्टीसरांचं सरावाचं रजिस्टर पानन् पान वाचलं. सरांच्या सुनेने ते मार्चमध्येच मजकुरासाठी दिलं होतं. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी पडून आहे. उद्घाटनाला ते काचेच्या कपाटात जाईल.

अक्षर माझं आहे. माझे तळपाय सपाट. मी पळालो की अख्खा वर्ग हसायचा. सरांनी मला हाकललं नाही, कारकून केलं. तारीख, अंतर, वेळ, वजन असे चार रकाने मी भरायचो आणि मैदानावर फक्कीने रेषा मारायचो. वजन दर शनिवारी. एखादी मुलगी जरा भरली की सर काट्यापाशी शिट्टी फुंकायचे आणि आम्ही सगळे हसायचो. मजेचे दिवस.

वावटळीच्या विक्रमाच्या आठवड्यात समासात मी एकच शब्द लिहिलाय : 'विटा'. आणि तो वाचून सगळं आठवलं.

त्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या बांधकामाच्या विटा मैदानाच्या वळणावर येऊन पडल्या होत्या. सर बाहेरगावी. रेषा मी मारल्या. विटा कोण हलवणार? मी वळण आतून घेतलं आणि कुणाला बोललो नाही. आज संध्याकाळी टेप घेऊन मैदानात गेलो. जुन्या प्रयोगशाळेची भिंत अजून तिथेच आहे. हिशेब केला. एका फेरीत नऊ मीटर कमी, दोन फेऱ्यांत अठरा. सव्वातीन सेकंद.

म्हणजे वावटळ आठशे मीटर पळालीच नाही. पूर्ण अंतर पळाली असती तर दोन बावीसच्या वरच थांबली असती. आणि माझ्या मुलीने जूनमध्ये दोन बावीस लावलेत.

विक्रम मोडून तीन महिने झाले. हे जगात फक्त मला माहीत आहे.

११ सप्टेंबर

जेवताना मी आडून विषय काढला. "वावटळीबद्दल तुझं मत काय?"

लेकीने काकडीच्या चकतीचे चार तुकडे करून ताटात प्रमेयासारखे मांडले होते. म्हणाली, "स्पर्धेआधीच्या चार महिन्यांत तिची वेळ अकरा सेकंदांनी उतरली. वजनही उतरलं. दोन्ही रकाने बरोबरीने खाली येतात, बाबा. तू बघितलं होतंस?"

मी बघितलं नव्हतं. रकाने मीच भरले होते, तरी नव्हतं बघितलं. मला इतका आनंद झाला की मी हिला, म्हणजे बायकोला, म्हणालो, "खाण तशी माती. पोरगी वार्ताहर होणार."

पुढच्या खोलीत हिचं शिवणकामाचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या कंबरा मोजून हिला आकड्यांचं कौतुक उरलेलं नाही. लेक "पोट भरलं" म्हणून उठली, एवढ्या उकाड्यात स्वेटर घालून गच्चीवर गेली. मग ही म्हणाली, "तिचा स्कर्ट मी तिसऱ्यांदा आत घेतलाय."

"पळणारी मुलगी आहे. चरबी कुठून येणार?"

"अहो, चार महिने झाले."

"कशाला? समितीला तर सहा झालेत."

ही उठून मशीनवर जाऊन बसली. हिचं बोलणं म्हणजे सूत्रवाङ्मय. भाष्यकार मिळेपर्यंत अर्थ लागायचा नाही.

१५ सप्टेंबर

मुख्याध्यापिकाबाईंना नऊ मीटर सांगितले. त्या निमंत्रणपत्रिकांवर पत्ते चिकटवत होत्या. हात थांबला नाही.

"तुम्हाला नक्की आठवतंय?"

"रेषा मीच मारल्या होत्या."

"म्हणजे आरोपीही तुम्हीच, साक्षीदारही तुम्हीच. आणि न्यायाधीश मला करताय." एक पत्ता वाकडा चिकटला तो त्यांनी नखाने सोडवला. "पस्तीस वर्षांनी काय करू? पाटीवर तारा काढून खाली तळटीप देऊ?"

"खरं ते खरं, बाई."

"खरं सांगू? लोक म्हणतील, पोरीला विक्रम झेपेना म्हणून बापाने तो खाली ओढला. तिच्या जन्माला ते चिकटेल. कार्यक्रम होऊ दे, मग उपसमिती नेमू."

उपसमिती हा मोक्षाचा शाळेतला पर्याय. पण लोक काय म्हणतील, हे त्यांचं खरं होतं. परत येताना मैदानात लेक पळत होती. सरावाची वेळ संपून तास झाला होता. बाकी मुली घरी गेल्या होत्या. मी हाक मारली. तिने हात केला आणि आणखी एक फेरी घेतली.

२१ सप्टेंबर

शिट्टीसरांकडे गेलो. खिडकीशी खुर्ची, मांडीवर चादर, नाकाशी प्राणवायूची नळी, आणि गळ्यात शिट्टी. माझा पहिला बूट सरांनी घेऊन दिलेला. न पळणाऱ्या पोराला पळायचा बूट. हे पाटीच्या पंचवीस शब्दांत बसत नाही.

मी विटांचं सगळं सांगितलं. सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, हा धक्का मी त्यांना मरणाच्या दारात दिला.

"दुसऱ्या दिवशी पावलांनी मोजलं होतं मी," ते म्हणाले. "आल्या आल्या. कमी भरलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाचं नाव घेणार होतो? तुझं?" दम खाल्ला. "आणि पोरगी इतकी खूश होती. शिष्यवृत्ती मिळाली तिला त्याच्यावर. तूही गप्प, मीही गप्प. चांगला संघ होता आपला."

मी म्हणालो, आता माझी मुलगी त्याच आकड्यामागे आहे. सरांचे डोळे लगेच उघडले. पहिला प्रश्न तोच जुना : "वजन?"

मला हसूच आलं. म्हणालो, "वाऱ्याने उडेल, सर."

"मग पळेल," सर समाधानाने म्हणाले. "पोरगी हलकी झाली की पळते."

निघताना म्हणाले, "तुला सांगायचं असेल तर सांग. माझी पाटी काढून ठेवा. मला तिथे नळाचं पाणी प्यायला थोडंच यायचंय."

२७ सप्टेंबर

आज लेकीला सांगितलं. किती रात्री याची तालीम केली होती! पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निष्कर्ष : तू जिंकली आहेस, थांब, आता जरा खा-पी, झोप.

तिने सगळं ऐकून घेतलं. गणित माझ्याकडून दोनदा करून घेतलं. मग विचारलं, "पाटीवर तू काय लिहिलंयस?"

"दोन मिनिटं एकोणीस."

"मग."

"मग काय? तो आकडा खोटा आहे, बाळा."

"पण पितळेत आहे ना. मी दोन बावीस म्हटलं की लोक विचारणार, कसं काय? मग तू विटांची गोष्ट सांगणार." ती बुटाची नाडी घालत होती. बोटं निळसर वाटली, सकाळच्या गारठ्याने असतील. "त्यापेक्षा पूर्ण अंतरात दोन एकोणीस काढते. मग विटा असल्या काय, नसल्या काय."

मला वाटलं होतं, सत्य हे औषध आहे. मी इंधन देऊन बसलो. जाताना तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "रडू नकोस, बाबा. तुझी चूक मी निस्तरते."

४ ऑक्टोबर

कपाटात ठेवण्याआधी रजिस्टर पुसायला घेतलं. वावटळीच्या पानावर वजनाच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने, अगदी बारीक, आणखी एक रकाना आहे. एप्रिलपासून. दर शनिवारी एक आकडा. अक्षर लेकीचं.

पहिले काही आठवडे तिचा आकडा वावटळीच्या आकड्याला जाऊन भिडतो. जूनमध्ये त्याच्या खाली जातो. मग दर शनिवारी खालीच. जिथे जास्त उतरलाय तिथे तिने एक छोटी खूण केली आहे. मला ती खूण ओळखायला वेळ लागला. शिट्टी काढली आहे.

पर्वतावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे हे अनुमान मी चौदाव्या वर्षी घोकलं. स्वेटर, स्कर्ट, काकडी, निळी बोटं. इतका धूर माझ्या घरात होता आणि मी टेप घेऊन मैदान मोजत होतो. रजिस्टर मी आणलं. उघडं मी ठेवलं. रकाने मी आखले.

मी पुढच्या खोलीत गेलो. हिच्यापुढे पान धरलं. हिने मशीन थांबवलं, वाचलं, पान मिटलं.

"चार महिने म्हणजे," मी विचारलं, "तू म्हणाली होतीस ते..."

"तिची पाळी बंद आहे हो," ही म्हणाली. "आता पाच झाले. मी डॉक्टरांकडे चल म्हणत होते, तर ती म्हणे वीस तारखेनंतर. तुम्ही म्हणे पळणारी मुलगी."

आम्ही दोघं कापडाच्या ढिगात बसून राहिलो. ही रडली नाही. हातातली टाचणी पुन्हा पुन्हा उशीत खोचत होती.

७ ऑक्टोबर

डॉक्टरांनी नाडी धरली, घड्याळ बघितलं, पुन्हा धरली. बाहेर बोलावून आम्हाला म्हणाले, पळणं आजपासून बंद, अगदी जिनाही सावकाश. हृदय फार मंद चालतंय. लवकर वजन चढलं नाही तर दाखल करावं लागेल. मला एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. तारीख मिळाली पंचवीसची.

लेकीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर

ताटावर बसायला तिला चाळीस मिनिटं लागतात, उठायला एक. ही लाडीगोडी लावते, मी विनोद करतो. आज माझ्या विनोदावर ती हसली आणि तेवढ्यात घास रुमालात गेला. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं. दोघंही पुढच्या विनोदाकडे वळलो.

बाईंना शर्यत रद्द करायला लावलीय. त्या जागी लहान मुलांची कवायत. बाई फोनवर म्हणाल्या, "मला आधीच दिसायला हवं होतं. मला वाटायचं, किती शिस्तीची मुलगी."

१८ ऑक्टोबर

वावटळ आज घरी आली. केस पांढरे, चाल जराशी लंगडती. मी नऊ मीटरची कबुली द्यायला तोंड उघडलं. तिने दोन वाक्यांतच हात वर केला.

"नऊ मीटरचं सोड रे. तुला रेषा सरळ कधी मारता आली?" मग आवाज उतरवून म्हणाली, "त्या शर्यतीनंतर वर्षभरात माझी नडगी दोनदा मोडली. साध्या पळण्याने. एकोणिसाव्या वर्षी पळणं संपलं. लोक विचारतात, हाडांची डॉक्टर का झालीस. मी सांगते, ओळख जुनी. हे लिहिलंस पाटीवर?"

"पंचवीसच शब्द मावतात," मी म्हणालो. आयुष्यात इतकं लाजिरवाणं वाक्य मी बोललो नाही.

तिने लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं, काही न लपवता. उपाशी पोटी चक्कर, शनिवारचा काटा, सरांची शिट्टी, प्लास्टरमधले महिने. "सर वाईट नव्हते गं. त्यांना कुणी वेगळं शिकवलंच नव्हतं. पण तुला सांगायला मी आहे."

लेकीने नम्रपणे ऐकलं. म्हणाली, "हो, डॉक्टरमावशी." आणि मग, अगदी मनापासून जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "पण विक्रम राहिला ना?"

वावटळीने माझ्याकडे पाहिलं.

२१ ऑक्टोबर

कालचं लिहितो.

सभागृह भरलं होतं. शिट्टीसर चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत. लेक आमच्या मधोमध, स्वेटरमध्ये, हात मांडीखाली. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, हे या शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. बाई व्यासपीठावर माझा मजकूर वाचायला लागल्या. सरांच्या पाटीला टाळ्या पडल्या. वावटळीचं नाव आलं तेव्हा लेक कानाशी म्हणाली, "पाणी पिऊन येते."

मला बरंच वाटलं. पाणी तर पाणी. तेवढं तरी पोटात जाईल.

वावटळ व्यासपीठावर चढत होती. ही माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "नळ या बाजूला आहेत. ती त्या दाराने गेली."

मी पळालो. पन्नाशीत, सपाट पायांनी, मैदानाला जवळची वाट म्हणून नळांच्या बोळातून, नव्याकोऱ्या बारा पाट्यांपुढून. मैदानात उन्हं कलली होती. कवायतीची फक्की ताजी होती. ती एकटी शेवटच्या वळणावर होती. स्वेटर रेषेशी पडलेला. तिचे दंड मी सहा महिन्यांत पाहिले नव्हते. तिच्या आईने पाहिले असतील, मापं घेताना. मी पाहिले नव्हते. खांद्याचं हाड न् हाड मोजता येत होतं.

थांब म्हणून ओरडायचं होतं. ओरडलो नाही. आणि खरं लिहायचं तर, पोटातून एक जुना कारकून उठून उभा राहिला आणि तो बघत होता की ती कशी येते.

ती रेषेवरून गेली, दहा पावलांवर गुडघे टेकले. मी जाऊन तिला धरलं. पाखरू धरल्यासारखं वाटलं, छाती तशीच फडफडत होती आणि मध्येच ठोका चुकत होता. तिने मनगट वर केलं. घड्याळ मनगटावर सैल फिरून खाली गेलं होतं, ते तिने दुसऱ्या हाताने माझ्यासमोर आणलं.

"बघ, बाबा."

दोन मिनिटं अठरा.

"शाब्बास," मी म्हणालो.

माझ्याच तोंडून, मला न विचारता. ती हसली. मार्चपासून ती अशी हसली नव्हती. सभागृहातून टाळ्या ऐकू येत होत्या. वावटळीचा सत्कार झाला असावा. ही धावत आली, पोरीला शालीत गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रिक्षा बोलवा." वावटळही मागोमाग आली, गवतात गुडघ्यावर बसून तिची नाडी धरून राहिली. मी रिक्षा आणायला गेलो.

काल रात्रीपासून दवाखान्यात ठेवलंय. सलाईन चालू आहे. यंत्रावरची हिरवी रेघ अजून मंदच आहे. सकाळी ती जागी झाली, ताटातलं अंडं बाजूला सारलं आणि मला विचारलं, "पूर्ण आठशे होते ना? तू मोजशील?"

बाईंचा फोन आला होता, नऊ मीटरसाठी उपसमिती नेमलीय म्हणून. ते मला नको आहे. पाटी राहो, जावो. सरांवर राग धरायलाही माझ्यात बळ नाही. मला एवढंच कळतं की काल मी घड्याळ पाहिलं आणि शाब्बास म्हणालो, आणि तिने मला पुन्हा दाखवलं तर मी पुन्हा आधी घड्याळच पाहणार नाही, याची मला खात्री देता येत नाही. माझी मुलगी जेवत नाही, आणि ती मरेल अशी मला भीती वाटते.